जावयाची खोली कुठं काढावी

जावई आपल्या उंबरठ्याच्या आत येऊ द्यायचा नाही, अशी शपथ महादेवरावांनी घेतली तेव्हा त्याला जावई होऊन पुरती एक दुपारही उलटली नव्हती.

लग्न अमरावतीच्या बुधवारा पेठेत, महादेवरावांच्या घरासमोरच मांडव घालून लागलं होतं. नवरदेव नत्थुजी अकोल्याचा. सरकारी कचेरीत कारकून, अंगानं काटकुळा, जिभेनं मात्र चांगला भरलेला. पंगत बसली, वरण आलं. नत्थुजीनं वरणात बोट बुडवलं, वर काढलं, उन्हात धरून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "आमच्या अकोल्याच्या विहिरीचं पाणी खारं असते, पण याच्यापेक्षा घट्ट असते." शेजारी हसला. शेजाऱ्याचा शेजारी हसला. ते हसू वाढप्यासारखं एकेका पत्रावळीपाशी थांबत थांबत पंगतीच्या टोकाला गेलं, आणि तिथे महादेवराव तुपाचं भांडं घेऊन उभे होते.

वरण त्यांच्याच चांदूर बाजाराकडच्या शेतातल्या तुरीचं होतं, आणि त्याला फोडणी त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, स्वतः घातली होती. म्हणजे जावयानं एका बोटात सासरा, सासू आणि वावर तिन्ही बुडवले होते.

"ऐका रे साऱ्यायनं!" महादेवराव गरजले. "हा माणूस माह्या उंबरठ्याच्या आत आला, त मी बापाचं नाव लावणार नाही!"

साऱ्यांनी ऐकलं आणि पुन्हा जेवायला लागले, कारण बुंदी अजून यायची होती.

नत्थुजी हात धुवत म्हणाला, "उंबरठा तुमाले लखलाभ. मले अकोल्यात दार आहे."

जमुना, महादेवरावांची एकुलती एक लेक, अकोल्याला नांदायला गेली. पुढे दिवाळसण आला. जावयाला बोलावलं नाही तर नाक कापलं जातं आणि बोलावलं तर शपथ मोडते, म्हणून दुर्गाबाईंनी रस्त्यावर पाट मांडला आणि जावयाला भर बुधवाऱ्यात ओवाळलं. बैलगाड्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेल्या. एका बैलानं ताटातली करंजी उचलली. महादेवराव खिडकीतून पाहत होते. त्यांना तो बैल फार आवडला.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग एकसष्ट साली नत्थुजीची बदली अमरावतीला झाली, आणि त्याच सुमारास जमुनाला दिवस गेले.

"पोरगी भाड्याच्या खोलीत एकटी पडन," दुर्गाबाई म्हणाल्या. "तिले इथी आना."

"पोरीले आन ना. कोन नाही म्हनते?"

"नवऱ्यासंगं."

"शपथ आहे."

"मंग शपथेसंगं राहा तुमी. मी चालली पोरीजवळ. शपथ टाकून देईन तुमाले भाकरी." आणि दुर्गाबाईंनी माळ्यावरची ट्रंक खाली ओढली. त्या ट्रंकेवर इतकी धूळ होती की महादेवरावांना पहिल्यांदा शिंका आल्या आणि मग भीती वाटली.

महादेवरावांचा सगळा इभ्रतीचा कारभार त्या एका शब्दावर उभा होता. बाजारात ते कोणाला "नाही" म्हणाले की माणूस दुसऱ्यांदा विचारत नसे. शब्द गेला तर बुधवाऱ्यात तोंड दाखवायची सोय राहिली नसती, आणि बायको गेली तर तोंडात घालायची. ते रात्रभर विचार करून सकाळी उठले ते तोड घेऊनच.

"घर वाढवतो," ते म्हणाले. "असं वाढवतो का तो घरात राहीन बी, अन घरात येणार बी नाही."

दुर्गाबाईंनी ट्रंक जागची हलवली नाही. फक्त तिच्यावर बसल्या.

देवमन मिस्त्रीला बोलावणं गेलं. देवमन बांधकामात तरबेज आणि बोलण्यात त्याहून जास्त. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून तो कोणाच्या दारात उकिडवा बसत नसे; खुर्ची नसली तर उभा राही. दुर्गाबाईंनी त्याच्यासाठी कोनाड्यातली वेगळी कपबशी काढली, तसा त्यानं पिशवीतून आपला पितळी पेला काढून ओट्यावर ठेवला. "याच्यात ओता," तो म्हणाला. "मी कोनाच्या उष्ट्या कपात चहा पेत नाही." दुर्गाबाईंनी कपबशी परत कोनाड्यात ठेवली. चहा मात्र त्यांनी चांगला केला.

"मुहूर्त कवाचा धरायचा?" महादेवरावांनी विचारलं.

"माह्याजवळ कोन मापाले गुन्या आहे, भित पाह्याले ओळंबा आहे, मुहूर्त नाही. तो तुमी पाहा. खोली कोठी काढायची ते बोला."

खरी अडचण तीच होती. घर जुनं, धाब्याचं; म्हणजे सागाच्या आडव्या मयालींवर तोललेलं मातीचं सपाट छत. डावीकडे शेजाऱ्याची भिंत, उजवीकडे शेजाऱ्याची भिंत, मागे परसात एक चिंच आणि त्यामागे तिसऱ्या शेजाऱ्याची भिंत. सगळ्या घराला दार एकच, पुढचं. दारासमोर ओटा आणि ओट्यापुढे दहा पावलं अंगण, मग रस्ता.

जागा ठरवायला नत्थुजीलाही बोलावलं. तो सायकलवर आला आणि एक पाय जमिनीला टेकवून रस्त्यातच थांबला. महादेवराव ओट्यावर. दोघांत देवमन. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, देवमनशी बोलत होते, आणि देवमन निरोप पोचवताना त्यात पदरचा थोडा चुना मिसळत होता.

"मिस्त्री, त्याले सांग, मागं परसात टिनाची छपरी टाकून देतो. चिंचेखाली."

"महादेवराव म्हनतात, चिंचेखाली राहान का? भुतं असतात, तुमाले करमन."

"त्यायले सांगा," नत्थुजी म्हणाला, "परसात जायाले वाट घरातूनच आहे. मी काय उडून जाऊ?"

"जावई म्हनतात, सासऱ्यानं आयुष्यात एकदा तरी डोकं चालवावं."

मागची छपरी बारगळली. मग माडी निघाली. धाब्यावर एक खोली, रस्त्याकडून जिना. उंबरठ्याशी संबंध नाही. देवमननं आत जाऊन मयालींवर हातोडीनं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "पेलते. जुना साग आहे." दुर्गाबाई हरखून ट्रंकेवरून उठल्या. पण महादेवराव धाब्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे छत होतं, छतावर जावई होता, आणि खाली ते स्वतः जेवत होते.

"त्याचे पाय माह्या डोक्यावर?" ते म्हणाले. "तो वर खाट सरकवन अन माती पडन माह्या वरणात?"

"पडू द्या," रस्त्यातून आवाज आला. "घट्ट तरी होईन."

हे देवमननं पोचवलं नाही. गरज नव्हती. महादेवरावांनी ओट्यावरची कुंडी उचलली. ती तुळशीची निघाली म्हणून परत ठेवली.

आता राहिलं अंगण. ओटा आणि अंगण मिळून पुढेच खोली काढायची. तिचं दार रस्त्यावर. जावई रस्त्यावरून आपल्या खोलीत जाणार, महादेवरावांचा उंबरठा आत आहे तिथेच राहणार, आणि जमुना तो ओलांडून आईकडे पाहिजे तेव्हा येणार-जाणार. शपथेच्या केसालाही धक्का नाही. महादेवराव स्वतःवरच खूश झाले.

देवमननं ओळंबा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "अन तुमी कोठून निंगान?"

"म्हंजे?"

"घराले दार एकच. ते आता या खोलीत उघडन. भायेर जायाचं त जावयाच्या खोलीतून जा लागीन."

हे महादेवरावांना कळलं नव्हतं असं नाही. उलट ते त्यांना सर्वांत आधी कळलं होतं, आणि म्हणूनच ही खोली त्यांना इतकी पसंत होती. तो जेवत असेल, मी निघेन. तो झोपला असेल, मी येईन. छत्री आपटत, खाकरत, त्याच्या अंथरुणाच्या कडेनं. मागच्या छपरीत हे सुख नव्हतं. माडीत तर उलटंच होतं.

"माह्या घरातून निंगाले मले कोनाची परवानगी लागते?" ते म्हणाले. "रोज त्याच्या छातीवरून जाईन."

"जा," देवमन म्हणाला. "छाती त्यायची, पाय तुमचे. मी फक्त भिंती बांधतो."

भिंती उठल्या, टिनं चढली. फरशीची वेळ आली तेव्हा नत्थुजीनं निरोप धाडला: फरशी मी घालणार, माझी, शहाबादी. सासऱ्याच्या जमिनीवर मी पाठ टेकत नाही. महादेवरावांना तो निरोप ऐकून हसू आलं. बापडा स्वतःच्या खर्चानं आपल्यासाठी रस्ता फरसबंद करून देतोय, असं त्यांना वाटलं.

खोलीची पूजा झाली त्या दिवशी महादेवराव मुद्दाम आत बसून राहिले. बाहेर मंत्र चालले होते, शिऱ्याचा वास येत होता. पूजा आटोपली, भटजी गेले, तसे ते उठले. टोपी घातली, छत्री घेतली आणि आपल्या उंबरठ्याशी येऊन उभे राहिले. समोर नवी कोरी फरशी, तिच्यावर नत्थुजी मांडी घालून बसलेला, आणि पलीकडच्या दारात समोरच्या घरातली पार्वताबाई प्रसाद घ्यायला आलेली. पार्वताबाईला काही सांगितलं की ते बुधवाऱ्यात वेगळं सांगावं लागत नसे.

"पार्वताबाई, तुमी साक्षीले आहा," नत्थुजी म्हणाला. "सासरेबुवाच्या घरात मी जात नाही. त्यायची शपथ आहे, मी पाळतो. आता माही ऐका. या फरशीवर त्यायचं पाऊल पडलं, का त्याच घडीले मी त्यायच्या उंबरठ्याच्या आत जाईन, चुलीपाशी बसीन अन वरण मागीन."

महादेवरावांचा उजवा पाय उचललेला होता. तो त्यांनी हवेतच थोडा वेळ ठेवला, कारण खाली कुठे ठेवावा हे ठरत नव्हतं. मग तो मागे घेतला.

"चाला ना," नत्थुजी गोड आवाजात म्हणाला. "माही छाती कवाची वाट पाहून राहिली."

महादेवरावांनी टोपी काढून खुंटीला लावली. त्या दिवसापासून ते आपल्याच घरात कोंडले गेले.

दोन दिवस त्यांनी अंगात कसकस असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी परसातून धाब्यावर शिडी लावली, धाब्यावरून जावयाच्या टिनांवर उतरले आणि तिथून दुसऱ्या शिडीनं रस्त्यावर. वाट सापडली! आणि वाटेत जावयाचं डोकं होतं. टिनावर माणूस चालला की खाली ढग गडगडल्यासारखं होतं. महादेवराव पहाटे उठून टिनावर जाऊ लागले. कुठे जायचं नसलं तरी जाऊ लागले. एकदा तर रस्त्यावर न उतरता नुसतेच चार फेऱ्या मारून परत आले.

"आबाजी, मले झोप नाही लागून राहिली," जमुना खालून म्हणाली.

"तुले नाही म्हनत मी. तू त्या कोपऱ्यात झोप. त्या कोपऱ्यावर मी पाय नाही देत."

नत्थुजीनं उन्हाळा लागायची वाट पाहिली. मग त्यानं आपल्या हातानं टिनांवर धोतरं अंथरली आणि जमुनाच्या कुरड्या, शेवया, सरगुंडे, मुगाच्या वड्या सगळं वाळत घातलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, बोटभर जागा न ठेवता. महादेवराव पहाटे धाब्याच्या काठावर आले आणि थबकले. अन्नावर पाय देणारा माणूस ते नव्हते, आणि ते अन्न पोटुशा लेकीच्या हातचं होतं. वाळल्या की जुन्या कुरड्या खाली जात आणि नव्या वर येत. त्या उन्हाळ्यात नत्थुजीच्या घरात एवढ्या कुरड्या झाल्या की कचेरीतल्या साहेबालाही त्यानं डबा भरून दिला आणि साहेब त्याच्याशी बरा वागू लागला.

महादेवरावांचं सगळं जग धाब्यावर आलं. चांदूर बाजाराहून बटाईदार डोमाजी यायचा, तो रस्त्यात उभा राहून वावराची हकीकत ओरडून सांगायचा. महादेवराव वरून ओरडायचे. नांगरट कुठवर आली हे आधी बुधवाऱ्याला कळायचं आणि मग मालकाला. नत्थुजी दारात बसून डोमाजीला चहा द्यायचा.

"तुह्या बापानं चहा देल्ला होता का माह्या मानसाले?" महादेवराव वरून.

"तुमी देत नाही म्हनून मी देतो," नत्थुजी खालून.

जमुनाचे दिवस भरले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, अशी रीत. महादेवरावांनी आतली मोठी खोली रिकामी करून ठेवली, बाज विणून घेतली, पडदा लावला. दुर्गाबाई लेकीला न्यायला पुढच्या खोलीत गेल्या, तर जमुना जागची हलेना.

"माहेरची भिंत माह्या उशाशी आहे अन सासरचं दार माह्या पायाशी," ती म्हणाली. "मी याच खोलीत बाळंत होईन. कोनाले कोठी जायाचं असन त जा."

मुलगी झाली. महादेवरावांनी तिचं पहिलं रडणं उंबरठ्याच्या आत उभं राहून ऐकलं. मधे सहा-सात हात फरशी होती. बारसं झालं, नाव ठेवलं सुभद्रा, म्हणजे महादेवरावांच्या आईचं. ते नाव जावयानं पाळण्यापाशी मोठ्यानं पुकारलं तेव्हा महादेवरावांना ही शिवी समजावी की काय ते कळेना.  

"दुर्गे," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आन ना तिले. पाहू दे."

दुर्गाबाई नात घेऊन उंबरठ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. "उंबरठ्यावरून लेकरू देत-घेत नसतात. अपशकुन असते."

"मंग आत घेऊन ये."

यावर जमुना बाजेवरून बोलली. ती बापासारखीच होती; कमी बोलायची आणि बोललं की संपलं. "आबाजी, माह्या लेकीचा बाप जिथी येत नाही, तिथी माही लेक बी येत नाही. तिले पाह्याचं असन त तिच्या घरी या."

तिचं घर सहा-सात हात लांब होतं. तिच्या घरी जावं तर शब्द जातो. महादेवरावांनी उंबरठ्याच्या आतल्या अंगाला पोतं टाकलं आणि तिथेच बसायला लागले. जेवणही तिथेच. नात पाळण्यात असे, पाळणा टिनाखालच्या आडव्या वाशाला टांगलेला, आणि त्यांना दिसायची ती फक्त एक मूठ. कधी उघडलेली, कधी मिटलेली. मिटलेली असली की त्यांना वाटे, ही आपल्यावर गेली.

एका दुपारी नत्थुजी कचेरीत, दुर्गाबाई दळण घेऊन गिरणीवर, जमुना परसात न्हाणीत. सुभद्रा उठली आणि रडायला लागली. महादेवरावांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. चार ढांगा टाकल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण महादेवरावांना कळलं असतं, आणि शब्द काय तो त्यांनी स्वतःलाच दिलेला होता. पंगतीतल्या लोकांनी तर तो बुंदीबरोबर खाऊन टाकला होता. ते उंबरठ्यावर पालथे पडले, छत्री उलटी धरली आणि तिच्या वाकड्या मुठीनं पाळण्याची दोरी ओढून घेतली. मग आत बसून झोका द्यायला लागले. पाऊल फरशीवर नाही. सुभद्रा मात्र रडतच राहिली.

तेवढ्यात नत्थुजी कचेरीतून लवकर आला. दारात सायकल, तोंडावर घाम.

"दोरी सोडा."

"नाही सोडत."

"माह्या फरशीवरची दोरी आहे ते!"

"फरशी तुही, दोरी हवेत आहे. हवा काय अकोल्याऊन आनली तू?"

"अकोल्याची हवा तुमच्यानं सोसन काय? दोन दिसात वाळून जान, सरगुंड्यावानी!"

"अरे जा! ज्या गावचं पानी ढोर पेत नाही, त्या गावचं मानूस मले शिकवून राहिलं!"

"ढोरं कोठी राह्यतात ते दिसून राहिलं मले, पोत्यावर!"

असं दहा-पंधरा मिनिटं चाललं. जमुना केस पुसत आत आली आणि उंबरठ्यातूनच तिनं पाळण्याकडे पाहिलं. सुभद्रा गाढ झोपली होती. दोघं पुरुष दम घ्यायला थांबले, तशी तिनं कुरकूर केली.

"थांबू नका," जमुना म्हणाली. "भांडा. भांडा म्हनते ना मी!"

पोटात असल्यापासून सुभद्रानं दुसरं काही ऐकलंच नव्हतं. टिनावरची पावलं, खालून शिव्या, वरून शिव्या. त्यातच ती वाढली होती. शांत घरात तिला भीती वाटत असावी. तेव्हापासून रोज संध्याकाळी नत्थुजी कचेरीतून आला, पाणी प्याला, की त्याला रस्त्याकडच्या दारात उभं केलं जाई आणि महादेवरावांना पोत्यावर. मधे पाळणा. सुरुवातीला दोघंही मनापासून भांडले. पण मनापासूनचं पंधरा दिवसांत संपलं. वरण झालं, विहीर झाली, अकोल्याचं ऊन झालं, अमरावतीच्या गल्ल्यांची घाण झाली. मग महादेवराव दुपारभर विषय जमवायला लागले. नत्थुजी कचेरीत टिपणं काढायला लागला. अंगात राग होता तो खराच होता, पण त्याला रोज नवं खाद्य पुरवणं म्हणजे दुभती म्हैस पाळण्यासारखं झालं. पार्वताबाई ऐकायला समोर ओट्यावर बसायची आणि कालचंच परत आलं की म्हणायची, "हे झालं परवा."

एक दिवस महादेवराव पुरते अडले. त्यांनी नत्थुजीच्या सायकलीला नावं ठेवून पाहिली. ते झालं होतं. तेव्हा ते शपथेवर आले. "मी आजवर शब्द मोडला नाही! पुरा बुधवारा सांगन! आहे का तुह्या खानदानीत असा मानूस?"

 नत्थुजी पाळण्याकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "आमच्यात असा कोनी नाही. तुमाले शपथ इतकी प्यारी आहे, त तिलेच टाका पाळन्यात अन तिलेच झोका द्या. पोरगी काहून पाह्यजे तुमाले?"

महादेवरावांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पार्वताबाई समोरून "हे नवीन आहे" म्हणाली, आणि मग तीही गप्प झाली. सगळी खोली चिडीचूप.

सुभद्रा दचकून उठली आणि किंचाळली. भुकेचं नव्हतं, हट्टाचं नव्हतं; श्वास अडकून निळी पडेल असं ते रडणं होतं. महादेवरावांनी छत्री पुढे केली. मूठ दोरीला लागली, निसटली. पुन्हा लागली, पुन्हा निसटली. दुर्गाबाई चुलीपाशी, जमुना परसात. दारातली सायकल कलंडली होती, ती सावरायला नत्थुजी रस्त्याकडे वळला होता.

छत्री खाली पडल्याचा आवाज झाला. नत्थुजी वळला, तेव्हा महादेवराव खोलीच्या मधोमध फरशीवर दोन्ही पाय रोवून उभे होते आणि सुभद्रा त्यांच्या खांद्यावर होती. ती रडायची थांबली होती. त्यांचा कान तिच्या मुठीत होता.

"पाय," नत्थुजी म्हणाला.

"कोनाचे?"

"तुमचे. माह्या फरशीवर."

"दिसून राहिले मले."

"अवो महादेवराव!" पार्वताबाई समोरून ओरडली. "आता बापाचं नाव गेलं! आता कोनाचं लावान?"

"मायचं लावीन!" महादेवराव तिच्यावर डाफरले. "तुले काय करा लागते?"

नत्थुजीनं फरशीच्या कडेला येऊन उभं राहत बाह्या वर केल्या. "म्या काय म्हनलं होतं ते ध्यानात आहे ना? आता मी आत जाईन."

"जा ना! कोनं धरलं तुले? जा आत, मंग पायतो तुले!"

"बोलावून राहिले काय?"

"धमकी देऊन राहिलो!"

नत्थुजीनं पायातल्या चपला काढल्या. त्या मारायला काढल्या की आत जायला, हे पार्वताबाईलाही सांगता आलं नाही, आणि म्हणून त्या दिवशी बुधवाऱ्यात दोन्ही बातम्या पसरल्या. तो सासऱ्याच्या अंगावरून, खांद्याला खांदा घासत, पण नातीकडच्या नाही अशा खांद्याला घासत, पलीकडे गेला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं तो उंबरठा ओलांडला.

आतून काही तरी पडल्याचा आवाज आला. मग पितळी भांडं घरंगळल्याचा. मग नत्थुजी ओरडला, "हे घर आहे का भुयार? मले माहाच हात दिसून नाही राहिला!"

"उजेड तुह्याच खोलीनं खाल्ला!" महादेवराव नातीला थोपटत ओरडले. सुभद्राचे डोळे मिटायला लागले होते.

"खोली तुमी काढली!"

"तुह्यासाठी काढली!"

"मंग मानसाच्या जातीनं काढायची होती! मानसं कशी राह्यतात इथी? सासूबाई कशा सैपाक करतात? धाब्याले भोक पाडा लागते, याच जागी, चुलीच्या वर. मिस्त्रीले बलावतो मी उद्या."

"माह्या धाब्याले भोक?" महादेवरावांनी मान ताठ केली. "माह्या धाब्याले कोनी हात लावला, त मी..."

पुढची शपथ त्यांच्या ओठांवर आली होती. पण दुर्गाबाई तोवर अंधारातून चाचपत बाहेर आल्या होत्या, त्यांच्या हातात बाळंतिणीचा डिंकाचा लाडू होता, आणि नवऱ्याचं तोंड त्यांना चांगलंच उघडं सापडलं.